विग

आराक्सीबाईंच्या दुकानात
लाकडी डोकी ओळीनं मांडलेली, नाकडोळे नसलेली.
माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,
"फार्मसी की कायदा?"
"फार्मसी. तिसरं वर्ष."
"मग तपकिरी घे. काळे सगळे
कायद्याच्या मुलींनी नेले."

त्या वर्षी इस्तंबूलमध्ये
रुमाल बांधलेलं डोकं विद्यापीठाच्या फाटकातून आत जात नव्हतं.
तळमजल्यावर एक खोली होती, समजूत घालायची.
तिथल्या प्राध्यापिका वाईट नव्हत्या.
चहा दिला, बशीत साखरेचे दोन खडे.
म्हणाल्या, "मुबेर्रा, तुझ्या केसालाही कुणी धक्का लावणार नाही.
फक्त ते दिसू देत."

नेसिबे उठली. चहा तसाच ठेवून
कायसेरीला परत गेली, बापाच्या भट्टीवर पाव मोजायला.
मी विग घेतला.
त्यावर दोन मौलवींची तीन मतं होती.

रुमालावर विग, विगखाली घाम.
जूनच्या परीक्षेत कानामागून एक ओघळ
थेट उत्तरपत्रिकेवर आला
आणि हृदयाच्या औषधाची मात्रा
शाईत विरघळली.
रखवालदाराला सगळं कळायचं.
तो ओळखपत्राकडे बघायचा, मग समुद्राकडे.

हे केस कुणाचे, मी एकदा विचारलं.
"डोंगरातल्या कुणा मुलीचे," आराक्सीबाई म्हणाल्या,
"वेणी गेली, गाय आली."
त्या रात्री झोप लागली नाही.
तीही झाकत असणार ते,
झऱ्यावर जाताना, परका माणूस दिसला की.
आणि मी माझे राखायला
तिचे उघडे घेऊन बसत होते
चाळीस मुलांच्या वर्गात.
केसानं गळा कापणं म्हणतात, ते इतकं मऊ असतं?

लोक अर्थ विचारतात. अजूनही.
आईला विचारलं असतं, तर तिनं रुमालाची कड पुढे केली असती:
सुईनं विणलेल्या लाल मिरच्या, म्हणजे नवऱ्याशी अबोला.
बदामाची फुलं, म्हणजे मिटलं.
अख्खी गल्ली तिच्या कपाळावर
आमच्या घरची बातमी वाचायची.
माझ्याकडे एवढं स्पष्ट काही नाही.
मी बांधते, कारण अल्ला.
कधी, कारण पहाटे गाठ मारताना हात शांत होतात.
आणि कधी नुसता हट्ट,
त्या दोन खड्यांवरचा.

आता फाटकावर कुणी अडवत नाही.
उस्कुदारला माझं दुकान आहे, हिरव्या दिव्याचं.
मागच्या मंगळवारी एर्वा बोटीवरून उतरून आली
डोकं मोकळं,
रुमाल चार घड्या करून पिशवीत.
एकोणीस वर्षांची. वाऱ्यानं केसांचं पार घरटं झालेलं.
"आई, बोलायचंय."

मी चहा केला.
ट्रे घेऊन वळले तेव्हा दिसलं,
बशीत साखरेचे दोन खडे
मीच मांडले होते.
आणि जिभेवर वाक्यही तयार होतं,
तसंच, मायेचं, वाईट नसलेलं.

खडे उचलून डब्यात टाकले.
म्हटलं, बोल.

ती बोलली, बराच वेळ. मला सगळं पटलं नाही.
मधे दोनदा गिऱ्हाईक आलं, एकदा खोकल्याचं, एकदा चुकून.
मग तिला फळीवरचा खोका दिसला.
तिनं विग घातला, लगेच काढला. "खाजतंय गं!
कुणाचे केस आहेत हे?"

"माहीत नाही."

तिनं पिशवीतून रुमाल काढला,
विग त्यात नीट गुंडाळला,
एकही बट बाहेर राहू दिली नाही.
कडेला आईच्या हातच्या मिरच्या होत्या.
त्या कुणासाठी, हे मी विचारलं नाही.